शहाण्यांचा महिना

ब्रिटनमध्ये सरकारी मदतीवर जगणाऱ्या माणसाला परदेशी जायचं असेल तर त्यानं शहाण्यासारखं जावं आणि शहाण्यासारखं परत यावं, असं तिथल्या कायद्याचं म्हणणं आहे. शहाणपण किती दिवसांचं, हेही कायद्यानं ठरवून दिलं आहे. कमी उत्पन्नवाल्यांसाठीचं युनिव्हर्सल क्रेडिट घेत असाल तर एक महिना. गरीब म्हाताऱ्यांसाठीचं पेन्शन क्रेडिट किंवा घरभाड्यासाठीचं हाउसिंग बेनिफिट घेत असाल तर ४ आठवडे. मुलांसाठीच्या चाइल्ड बेनिफिटला ८ आठवडे, अपंगत्वासाठी मिळणाऱ्या पीआयपीला १३. तेवढ्या दिवसांत आईला भेटावं, बापाला पोचवावं, भावंडांशी जमिनीचं बोलून घ्यावं आणि विमान पकडावं. ज्यांना हे जमतं ते शहाणे. ज्यांना जमत नाही ते वेडे. ही नियमावली नीट वाचल्यापासून मला त्या वेड्यांचं फार कौतुक वाटू लागलं आहे. हा लेख त्या कौतुकासाठी आहे आणि त्यातला शब्दन् शब्द मनापासून आहे.

आधी ही माणसं कोण ते सांगायला हवं, कारण ‘बेनिफिटवर जगणारा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोफ्यावर लोळणारा आळशी येतो. भारतातून नोकरीच्या व्हिसावर नुकत्याच गेलेल्या माणसाला ही मदत मिळत नाही. त्याच्या व्हिसावरच तशी अट असते. मदत मिळते ती नागरिकांना आणि कायमच्या वास्तव्याचा हक्क असलेल्यांना. म्हणजे लेस्टर, वेंब्ली, साउथॉलमध्ये गिरण्या-कारखान्यांतून आयुष्य काढून आता म्हातारे झालेले लोक. पोर्तुगीज पासपोर्टवर जाऊन स्विंडनमध्ये स्थिरावलेले गोंयकार. वृद्धाश्रमात दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ-माखू घालणाऱ्या बायका. युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोक कामावर जातात. पगारात घरभाडं भागत नाही, म्हणून वरची भर सरकार घालतं. पंचविशीच्या पुढच्या एकट्या माणसाची मूळ रक्कम २०२५-२६ साली महिन्याला ४००.१४ पौंड होती. भाड्याचे, मुलांचे पैसे त्याहून वेगळे. या रकमेत चैनीसाठी परदेशवाऱ्या होत नाहीत. या घरांतून विमानाचं तिकीट निघतं ते बहुधा कुणाच्या तरी आजारपणासाठी, मरणासाठी किंवा लग्नासाठी, आणि तेही उसने पैसे घेऊन.

या वेड्यांमध्ये माझ्या मते पहिला मान खरं सांगणाऱ्याचा.

२०१३च्या युनिव्हर्सल क्रेडिट नियमावलीतला अकरावा नियम दोन अटी घालतो. गैरहजेरी महिन्याहून जास्त होईल अशी अपेक्षा नसावी, आणि प्रत्यक्षातही ती तेवढी होऊ नये. पहिल्या अटीकडे नीट पाहा. जो माणूस निघण्याआधी आपल्या ऑनलाइन जर्नलमध्ये, म्हणजे सरकारी खात्याला कळवायच्या नोंदवहीत, लिहितो, ‘वडील फार आजारी आहेत, सहा आठवड्यांसाठी चाललो आहे’, त्याचा हक्क महिना भरल्यावर संपत नाही. तो निघाला त्या दिवसापासूनच संपतो, कारण महिन्याहून जास्त राहायचं हे त्याला आधीच ठाऊक होतं. ज्याला पहिला महिना मिळाला असता, त्याला खरं बोलल्यामुळे एक दिवसही मिळत नाही. याउलट ज्यानं चार आठवड्यांचं तिकीट काढलं आणि तिथं गेल्यावर ते पुढे ढकललं, त्याला निदान महिना तरी पदरात पडतो. पेन्शन क्रेडिटचंही असंच आहे. म्हणजे शहाण्या माणसानं जाताना नेहमी कमी दिवसांचं तिकीट काढावं आणि मनातला बेत कुणाला सांगू नये. सरकारला खरं सांगणाऱ्याचं नुकसान व्हावं, अशी रचना करायला मोठी बुद्धी लागते. आणि ती रचना माहीत असूनही ‘सहा आठवडे’ असं लिहिणारे लोक आहेत. वर्क कोचसमोर, म्हणजे दावा सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यासमोर, बसून ते खरी तारीख सांगतात. त्यांना मी मनापासून नमस्कार करतो.

दुसरा मान आत्यासाठी रडणाऱ्यांचा.

महिना संपल्यावर आणखी एक महिना मिळण्याची सोय नियमात आहे. त्यासाठी जोडीदाराचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू व्हावा लागतो आणि महिन्याच्या आत परतायला सांगणं रास्त नाही, असं सरकारला वाटावं लागतं. जवळचं कोण, याची यादी नियमावलीतच आहे. आई-वडील, सासू-सासरे, मुलगा, मुलगी, सून, जावई, सावत्र आई-वडील, सावत्र मुलं, भाऊ, बहीण. यांचे जोडीदारही चालतात, म्हणून वहिनी आणि मेहुणे जवळचे. जोडीदाराचे जवळचे तेही चालतात, म्हणून दीर-नणंद जवळची. आजी-आजोबा मात्र या यादीत नाहीत. आत्या, मावशी, काका, मामा नाहीत. आई-बाप लहानपणी वारल्यावर ज्या आत्यानं वाढवलं, शाळेत घातलं, लग्न लावून दिलं, ती या हिशेबात परकी. मुंबईच्या गिरणीत कामाला असलेल्या बापानं ज्या आजीकडे मुलांना कोकणात ठेवलं, ती आजीही परकी. आपल्या घरांत जीव कुणी लावला आणि जन्म कुणी दिला, या दोन गोष्टी पुष्कळदा वेगळ्या असतात. ज्यांनी यादी केली त्यांचं घर लहान असावं. आत्याच्या दहाव्याला थांबलेला माणूस त्या यादीपुढे वेडा ठरतो, आणि मला तो शहाण्यांपेक्षा किती तरी मोठा वाटतो.

पण या साऱ्यांत मला ज्या एका वेडीबद्दल सर्वांत जास्त सांगायचं आहे, ती आईच्या खाटेजवळ बसलेली मुलगी. या मुली एक नाही, अनेक आहेत. म्हणून एकीचं चित्र उभं करतो.

स्लाऊमध्ये राहणारी एक बाई घ्या. केअर होममध्ये अर्धवेळ काम, भाड्याचं घर, भाड्याला युनिव्हर्सल क्रेडिटचा टेकू. एका रात्री मिरजेहून भावाचा फोन येतो. आईला अर्धांगाचा झटका आलाय, वाचा गेलीय. बाई नियमाप्रमाणे जर्नलमध्ये लिहिते, वर्क कोचला कळवते आणि निघते. रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेर लोखंडी खुर्च्यांची रांग आहे. भेटीची वेळ सकाळी थोडी, संध्याकाळी थोडी. बाकीचा दिवस खुर्चीवर. मधून मधून परिचारिका बाहेर येऊन पेशंटचं नाव पुकारते आणि हातात चिठ्ठी देते. ती घेऊन खाली औषधांच्या दुकानात पळायचं. बाईच्या पिशवीत आईची दातांची कवळी आहे, प्लास्टिकच्या डबीत. आईनं शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तीच मागावी, म्हणून मुलीनं ती जवळ ठेवली आहे. रात्री भावाच्या घरी परतल्यावर ती फोन उघडून जर्नल बघते, कारण काम शोधण्याची अट परदेशात गेलं म्हणून आपोआप सुटत नाही.

महिना भरत येतो. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही.

आता नियम काय म्हणतो ते ऐका. स्वतःवर उपचार घ्यायचे असतील तर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. जोडीदाराबरोबर किंवा स्वतः सांभाळत असलेल्या मुलाबरोबर त्यांच्या उपचारांसाठी गेलात, तरीही सहा महिने. आईच्या आजारपणासाठी वाढीव दिवस नाहीत. एकही नाही. आई वारली, तर मात्र आणखी एक महिना मिळू शकतो. याचा सरळ अर्थ असा की आई श्वास घेत आहे तोवर मुलीचं त्या खुर्चीवर बसणं हे सरकारदरबारी परदेशातलं वास्तव्य आहे. आईचा श्वास थांबला की तेच बसणं दुःख म्हणून मान्य होतं. आई तिसाव्या दिवशी गेली तर मुलीचं घर वाचतं. आईनं झुंज दिली आणि पन्नास दिवस काढले, तर मुलीचं घर धोक्यात येतं. कुठल्याही मुलीच्या मनात आईच्या दिवसांचा हिशेब शिरू नये, अशी आपली सगळ्यांची इच्छा असते. हा नियम तो हिशेब तिच्या मनात घालतो. माझा या नियमावर खरा राग आहे तो इथं.

शहाणी मुलगी अठ्ठाविसाव्या दिवशी आईच्या कपाळावर हात फिरवते आणि मुंबईची गाडी पकडते. तिला मी नावं ठेवणार नाही; स्लाऊला तिची मुलं असतील, घरमालक असेल. वेडी मुलगी थांबते. तिचा दावा बंद होतो. परतल्यावर तिला नव्यानं अर्ज करावा लागतो आणि नव्या अर्जाचे पहिले पैसे हातात पडायला साधारण पाच आठवडे जातात. तिचं खरं वास्तव्य ब्रिटनमध्येच आहे का, हा प्रश्नही पुन्हा विचारला जाऊ शकतो. भाडं मधल्या काळात थांबलेलं नसतं. हे सगळं माहीत असताना ती खुर्चीवरून उठत नाही. वेडेपणाला याहून वरचा दर्जा मला ठाऊक नाही.

आणि आई गेल्यावर तरी काय? आपल्याकडे मरण एका दिवसात उरकत नाही. दहावा, बारावा, तेरावा, चौदाव्याला निधनशांत. मृत्यूची नोंद करायची, दाखल्याच्या प्रती काढायच्या. सातबाऱ्यावर आईचं नाव असेल तर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालायचे. फेरफाराच्या नोटिशीचेच १५ दिवस. मुलगी सहीला हजर नसली तर पुढची दहा वर्षं भावाबहिणींत तेढ. इंग्लंडमधल्या अधिकाऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नाही, हे मान्य. पण मग ज्याला ठाऊक नाही त्यानं दिवसांचा आकडा इतक्या ठामपणे का ठरवावा?

आता म्हाताऱ्यांकडे वळू. २०१६च्या जुलैपर्यंत पेन्शन क्रेडिट आणि हाउसिंग बेनिफिट घेणाऱ्यांना १३ आठवडे परदेशी राहता येत असे. हिवाळ्याचे तीन महिने पुण्याला किंवा मडगावला काढून गुडघे जरा मोकळे करून यावं, असा अनेक म्हाताऱ्यांचा क्रम होता. नोव्हेंबर २०१५मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी ही मुदत ४ आठवड्यांवर आणायची घोषणा केली आणि २८ जुलै २०१६ला ती अमलात आली. त्या दिवशी ब्रिटिश संसद उन्हाळी सुट्टीवर होती. सुट्टी २१ जुलैला सुरू झाली आणि ५ सप्टेंबरला संपली. सहा आठवड्यांहून अधिक. खासदारांना विश्रांती हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सत्तरीच्या म्हाताऱ्याला मात्र चार आठवड्यांत नातवंडांचा कंटाळा येतो, असं त्यांनी गृहीत धरलं.

हाच म्हातारा लंडनमधलं आपलं भाड्याचं घर बंद करून स्कॉटलंडमधल्या मुलीकडे गेला, तर त्याचं हाउसिंग बेनिफिट आजही १३ आठवडे चालू राहतं. पेन्शन क्रेडिटला तर काहीच धक्का लागत नाही. मुलगी ॲबर्डीनला असेल तर बापाची माया १३ आठवड्यांची, मुलगी औंधला असेल तर ४ आठवड्यांची. घर तेच, भाडं तेच, रिकामं राहण्याचे दिवस तेच. उलट पुण्यात असताना तो ब्रिटनच्या सरकारी डॉक्टरकडे जात नाही, हिवाळ्यात हीटर लावत नाही. सरकारचा त्याच्यावरचा खर्च पुण्यात जास्त होतो असं कुणालाही दाखवता येणार नाही. आणि पेन्शन क्रेडिट एकटं जात नाही. त्याच्या आधारावर मिळणाऱ्या इतर सवलतीही त्याच्यामागून निघतात. तरी दर डिसेंबरला काही म्हातारे पाच-सहा आठवड्यांचं तिकीट काढतातच. त्यांचा वेडेपणा नातवंडांच्या शाळेच्या सुट्टीवर ठरतो, आणि ती सुट्टी नियमावलीत बसत नाही.

देशाबाहेर कोण गेलं हे शोधण्याच्या कामाला गेल्या काही वर्षांत यंत्रांचीही मदत झाली आहे. २०२५मध्ये ब्रिटनच्या महसूल खात्यानं गृहखात्याकडच्या प्रवासनोंदी बघून सुमारे साडेतेवीस हजार कुटुंबांचं चाइल्ड बेनिफिट थांबवलं. नोंदी सांगत होत्या की ही माणसं देश सोडून गेली आणि परतलीच नाहीत. प्रत्यक्षात त्यांतली पुष्कळ माणसं आठवडाभराच्या सुट्टीवरून केव्हाच घरी आली होती. उत्तर आयर्लंडमधले काही लोक बेलफास्टहून गेले आणि डब्लिनमार्गे परतले. डब्लिनची वाट नोंदीत दिसत नाही. काहींनी तर तिकीट काढलं होतं, पण विमानात पाऊलच ठेवलं नव्हतं. खात्याला शेवटी माफी मागावी लागली. जाणारा माणूस यंत्राला दिसतो, येणारा दिसत नाही. आणि रोज मुलांचे डबे भरणाऱ्या आयांना आपण याच देशात आहोत याचे पुरावे गोळा करत बसावं लागतं.

शेवटचा मान कायमचं परतणाऱ्यांचा. सरकारी पेन्शन ही मदत नाही. ती कामाच्या वर्षांत भरलेल्या वर्गणीवर मिळते आणि पूर्ण नव्या पेन्शनसाठी ३५ वर्षांची वर्गणी लागते. ही पेन्शन भारतात मिळते, पण वाढत नाही. जो माणूस २०१६मध्ये आठवड्याला १५५.६५ पौंडांची पूर्ण पेन्शन सुरू करून पुण्याला येऊन राहिला, त्याला आजही १५५.६५च मिळतात. त्याच्याबरोबर निवृत्त होऊन लेस्टरमध्ये राहिलेल्या त्याच्या मित्राला २०२५-२६मध्ये २३०.२५ मिळत होते. अमेरिकेत किंवा फिलिपिन्सला जाऊन राहिला असता तर पुण्याच्या माणसालाही तेवढेच मिळाले असते, कारण त्या देशांशी करार आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्या वाट्याला ही वाढ नाही. अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवर पेन्शन वाढते, शेजारच्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर गोठते. असे सुमारे साडेचार लाख पेन्शनर जगभर आहेत. त्यांच्या बाजूनं लढलेला खटला २०१०मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढेही टिकला नाही. पुण्याचा माणूस चार आठवडे लंडनला मुलाकडे राहायला गेला, तर तेवढ्या आठवड्यांपुरती त्याला वाढीव पेन्शन मागता येते. परतला की पुन्हा जुना आकडा. २०२५मध्ये भारत आणि ब्रिटन यांनी व्यापार करार केला आणि कंपन्यांनी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना दुहेरी वर्गणीतून तीन वर्षं सूट द्यायचंही ठरलं. म्हाताऱ्यांच्या गोठलेल्या पेन्शनला त्यात जागा मिळाली नाही. तरी माणसं परत येतात. सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढायच्या, मराठी पेपर वाचायचा आणि आपल्या माणसांत मरायचं, एवढ्यासाठी ती, २०२५-२६च्या हिशेबानं, दर आठवड्याला सुमारे ७५ पौंड सोडून देतात.

मदत घेणाऱ्यानं कितीही काळ कुठंही राहावं, असं माझं म्हणणं नाही. पैसा करदात्यांचा आहे. दुसऱ्या देशात घर करून ब्रिटनची रक्कम उचलणारेही सापडतात आणि त्यांना अडवलंच पाहिजे. मुदत हवी. पण मुदत ठेवताना आजारी आई-बापांसाठी सवलत असावी, मरणाची वाट पाहायला लावू नये. ज्यानं आधी खरं सांगितलं, त्याला निदान पहिला महिना मिळावा. ज्यानं वाढवलं त्याला जवळचा मानायची मुभा अधिकाऱ्याला असावी. आणि म्हाताऱ्यांचे १३ आठवडे त्यांना परत द्यावेत. देशात फिरायला जे चालतं ते देशाबाहेर जायलाही चालावं. यासाठी फार मोठी तिजोरी लागत नाही, तीन-चार नियमांतली वाक्यं बदलावी लागतात.

तोवर वाचकांना एक सांगणं आहे. तुमच्यापैकी कुणाची बहीण, मुलगा, काका ब्रिटनमध्ये या मदतीवर असेल, तर ‘काही होत नाही, थांब अजून आठ दिवस’ असा आग्रह करण्याआधी त्यांना त्यांची मुदत विचारा. निघण्याआधी जर्नलमध्ये किंवा पत्रानं कळवायला सांगा आणि त्या नोंदीची प्रत जपून ठेवा. इथं घरात कुणाचा मृत्यू झाला, तर दाखला मिळाल्या दिवशी त्याची प्रत पाठवा आणि वाढीव महिना लेखी मागायला लावा; मागितल्याशिवाय तो मिळेल या भरवशावर राहू नका. नकार आला, तर निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत फेरविचाराचा अर्ज करता येतो, त्याला शुल्क नाही, आणि तिथंही नकार आला तर लवादाकडे जाता येतं.